बूट आतून झिजतो

उजवा घोटा मुरगळला तेव्हा मी दोष पायाला दिला. चेंडू फोरहँडच्या कोपऱ्यात आला होता. चार पावलांत पोचलो, फटका मारला आणि परत मध्यावर येण्यासाठी बाहेरचा पाय रोवला. बूट रोवला गेला, पाय मात्र थांबला नाही. तो बुटाच्या कडेवरून बाहेर कलंडला आणि घोट्यात काहीतरी कटकन वाजलं. पुढचे सहा आठवडे मी कोर्टाबाहेर होतो.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिसऱ्या भेटीत सांगितलं, "पुढच्या वेळी येताना खेळायचे बूट घेऊन या." नेले. त्यांनी उजवा बूट टेबलावर ठेवला आणि टाचेच्या वरच्या काठाला बोटाने बाजूने ढकललं. बूट नुसता डोलला. "हा पळायचा बूट आहे, सरळ पुढे पळायचा. तुम्ही आडवे पळता," त्या म्हणाल्या. दहा वर्षं टेनिस खेळत होतो आणि इतकी साधी गोष्ट मला पहिल्यांदाच कुणीतरी दाखवून देत होतं.

पळण्याच्या बुटाची टाच उंच आणि मऊ असते, कारण पाऊल पडून पुढे सरकत जावं अशीच त्याची घडण असते. टेनिसमध्ये सरळ पळणं फार थोडं. सिंगल्सचं कोर्ट ८.२३ मीटर रुंद. बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेघेच्या, मधोमध उभा असलेला माणूस एका बाजूला फार तर चार-पाच मीटर धावतो, म्हणजे वेग घेतो न घेतो तोच थांबावं लागतं आणि लगेच उलट दिशेला निघावं लागतं. थांबण्याचा सगळा भार बाहेरच्या पायाच्या बाहेरच्या कडेवर येतो. तिथे टाच उंच असेल तर घोट्याला पडणारा पीळ वाढतो. लांब दांड्याच्या पान्याने नट सहज फिरतो तसंच. टेनिसचा बूट म्हणून जमिनीलगत असतो, तळ सपाट आणि रुंद असतो, करंगळीच्या बाजूला सोल थोडा बाहेर काढलेला असतो आणि त्याच बाजूची भिंत कडक ठेवलेली असते.

'टेनिस शूज' हा शब्दही फसवतो. स्टॅन स्मिथने १९७२ साली विंबल्डन जिंकलं. त्याच्या नावाचा पांढरा चामड्याचा बूट एके काळी खरोखर कोर्टावर खेळायचा बूट होता, आज तो फिरायला जाताना घालतात. टेनिससारखा दिसणारा बूट आणि टेनिस खेळायचा बूट यांत फरक आहे, हे मला घोटा सुजल्यावर कळलं.

पुन्हा खेळायला लागल्यावर मी ठरवलं की या वेळी बूट अंदाजाने घ्यायचा नाही. एका हंगामात तीन जोड पाळीपाळीने वापरले आणि प्रत्येक जोडाचा हिशेब वहीत ठेवला: तारीख, किती तास खेळलो, सिंगल्स की डबल्स, खेळताना काय जाणवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी काय दुखलं. हा शेवटचा रकाना सुरुवातीला मी असाच घातला होता. पुढे सगळ्यात जास्त तोच कामी आला.

त्याआधी पाय मोजले. संध्याकाळी, दिवसभर चालून-उभं राहून पाय थोडे सुजलेले असताना, खेळायचे मोजे घालून, कागदावर उभं राहून. बसून मोजलेला पाय आखूड भरतो, कारण वजन पडलं की कमान दबते आणि पाऊल लांब होतं. माझा डावा पाय उजव्यापेक्षा ४ मिलिमीटरने लांब निघाला. इतकी वर्षं मी उजवा बूट चढवून बघून माप ठरवत होतो आणि डाव्या अंगठ्याचं नख दर हंगामात काळं पडत होतं. ड्रॉप शॉटकडे, म्हणजे जाळ्याजवळ अलगद टाकलेल्या चेंडूकडे, धावत जाऊन थांबताना अंगठा बुटाच्या नाकावर आपटतो आणि नखाखाली रक्त साकळतं, त्याचं हे नख. मोठ्या पायाला बूट घेतला, पुढे बोटभर जागा ठेवली, आणि तेव्हापासून नख पांढरं आहे. रुंदीकडेही पहिल्यांदाच लक्ष गेलं. पुरुषांच्या बुटांत साधारण रुंदी 'डी' अक्षराने दाखवतात, रुंद पायाला '२ई', त्याहून रुंद पायाला '४ई'. बूट चावतो म्हणून एक नंबर मोठा घेणारे पुष्कळ जण असतात आणि मीही त्यातलाच होतो. अशाने रुंदीचा प्रश्न थोडाफार सुटतो, पण लांबी उगाच वाढते आणि पाय आत पुढेमागे घसरायला लागतो.

आता ते तीन जोड. नावं लिहीत नाही, रंगावरून ओळखू या. निळा सगळ्यात हलका, एक बूट ३०५ ग्रॅम. काळा सगळ्यात दणकट, ४१५ ग्रॅम. पांढरा मधला, ३६५. तिन्ही हार्ड कोर्टचे, म्हणजे सिमेंटसारख्या कडक कोर्टावर खेळायचे.

कोर्टावर नेण्याआधी प्रत्येक बूट हातात घेऊन तीन गोष्टी केल्या. टाचेभोवतीची कडक वाटी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबली. ती सहज आत गेली तर टाच धरून ठेवण्याची ताकद तिच्यात नाही असं समजायचं. मग नाक आणि टाच धरून बूट वाकवला. तो चवड्यापाशी वाकायला हवा, कारण पाऊल तिथेच वाकतं. मधोमध वाकला तर कमानीला आधार नाही. शेवटी ओलं फडकं पिळावं तसा पिळून बघितला. पुढचा भाग थोडा फिरला तर चालेल, मधल्या भागाने विरोध करायला हवा. त्यासाठी चांगल्या बुटांत कमानीखाली कडक प्लास्टिकची पट्टी बसवलेली असते. काळा जवळजवळ फिरलाच नाही. पांढरा थोडा फिरून अडला. निळा मात्र मला हवा तसा पिळता आला. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती, पण पायात घातल्यावर तो इतका छान वाटला की मी ते विसरून गेलो.

चौथी युक्ती मला सगळ्यात आवडते आणि ती कुणीच करताना दिसत नाही. बुटातला इनसोल, म्हणजे तळपायाखालचा सुटा थर, बाहेर काढायचा, जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर पूर्ण वजन देऊन उभं राहायचं. पाऊल कुठे कडेबाहेर येतं ते डोळ्यांना दिसतं. निळ्याच्या इनसोलवरून माझी करंगळी अर्धी बाहेर येत होती. वरचं कापड विणलेलं आणि ताणणारं असल्यामुळे बुटात ते जाणवत नव्हतं. कापड ताणून जागा करून देत होतं, पण करंगळीखाली सोल नव्हताच.

पहिल्या दहा मिनिटांत निळ्याने मन जिंकलं, हे कबूल करतो. पाय घातला आणि जणू मोजाच घातला. काळा त्याच्यासमोर लाकडी वाटला. वहीतली पहिल्या दिवसाची नोंद आहे: 'निळा, सर्वोत्तम.' दुसऱ्या तासाची नोंद वेगळ्या हस्ताक्षरात असावी इतकी वाकडीतिकडी आहे: 'पोटऱ्या भरल्या. उजवा पाय बुटात सरकतो.' मऊपणा आणि आराम या दोन गोष्टी एक नाहीत, हे मला त्या आठवड्यात पटलं. फार मऊ तळावर पाय प्रत्येक पावलाला तोल शोधत राहतो, आणि ते काम पोटरीचे आणि घोट्याभोवतीचे छोटे स्नायू करतात. दहा मिनिटं ते आनंदाने करतात. दीड तासाने थकतात, आणि नेमका तेव्हाच माणूस उशिरा पोचायला लागतो, पाय वेडावाकडा पडायला लागतो. म्हणून आरामाचा निकाल मी आता दुसऱ्या तासाशिवाय देत नाही.

मनाचा पक्षपात टाळायला एक प्रयोग केला. सरावाच्या वेळी एका पायात निळा आणि दुसऱ्यात काळा घातला, हळूहळू रॅली केली, म्हणजे चेंडू नुसता परतवत राहिलो, वीस मिनिटांनी पाय बदलले. दोन्हींची उंची वेगळी असल्यामुळे जोरात पळण्याचं धाडस केलं नाही, कुणी करूही नये. पण एवढ्यानेही पुष्कळ कळलं. बाजूला पाऊल टाकून थांबताना काळ्यातला पाय आणि बूट एकदम थांबत होते. निळ्यातला पाय बूट थांबल्यावर आणखी थोडा पुढे जात होता. किंचितच, पण घोटा त्याच 'किंचित'मध्ये गेला होता. ते जाणवलं तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला.

आधाराची खरी परीक्षा मी पाच चेंडूंच्या सरावाने घेतली. कोर्टावर पाच ठिकाणी चेंडू ठेवायचे, बेसलाइनच्या मध्यावरून एकेक धावत जाऊन आणायचा आणि रॅकेटवर ठेवायचा. दर वेळी धाव, थांबा, वळा. एका फेरीत एका सामन्यातल्या सगळ्या दिशा येऊन जातात. प्रत्येक जोडात तीन फेऱ्या, नाड्या एकदा बांधल्या की मध्ये हात लावायचा नाही. निळ्याच्या नाड्या तिसऱ्या फेरीत सैल झालेल्या. काळा जसाच्या तसा, पण पुढे वाकताना त्याच्या जिभेची कड घोट्याच्या समोर टोचत होती. ती पुढे आठ-दहा तास खेळल्यावर नरमली. पांढऱ्यात टाच किंचित उचलली जात होती. त्यावर उपाय सोपा निघाला. घोट्याजवळचं शेवटचं जादाचं भोक बहुतेक जण रिकामं सोडतात. नाडी त्यात त्याच बाजूने आत घालून लहानसा फास करायचा, समोरच्या बाजूची नाडी त्या फासातून ओढायची आणि मग गाठ मारायची. टाच मागे जाऊन वाटीत घट्ट बसते. या एका गोष्टीने पांढरा माझ्यापुरता वेगळाच बूट झाला.

मोज्यांबद्दल एवढंच, की सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओला मोजा घासतो आणि फोड येतात. बूट चावतो अशी तक्रार करण्याआधी मोजा बदलून पाहावा.

पकडीबद्दलही फार लिहीत नाही, कारण तिन्ही बूट त्यात चांगले होते. सोलवर माशाच्या काट्यासारखी नागमोडी नक्षी असते. क्लेच्या, म्हणजे मातीच्या कोर्टाच्या, बुटाला ती पूर्ण तळभर आणि उघडी असते, म्हणजे माती अडकून राहत नाही. हार्ड कोर्टच्या बुटाला ती दाट असते आणि जिथे जास्त घासतं तिथे रबर जाड असतं. गवतावरच्या बुटाला बारीक रबरी फोडांसारखे दाणे असतात. क्लेचा बूट हार्ड कोर्टवर रोज वापरला तर तो लवकर संपतो, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं. सोलचं रबर हा टायरइतकाच गंभीर विषय आहे. बाबोलात या टेनिसचं साहित्य बनवणाऱ्या कंपनीने तर आपल्या बुटांच्या सोलसाठी मिशेलिन या टायर कंपनीची मदत घेतली.

आता टिकाऊपणा. याबद्दलची माझी समजूत सगळ्यात जास्त बदलली.

पहिला धडा निळ्याने दिला. ३४ तासांनी त्याच्या उजव्या बुटाला अंगठ्याच्या आतल्या बाजूला भोक पडलं. सोलला नव्हे, वरच्या कापडाला. डावा बूट मात्र जवळजवळ नवा. दोन्ही शेजारी ठेवून बघत बसलो, तेव्हा माझाच खेळ त्यांत दिसला. मी उजव्या हाताने खेळतो आणि सर्व्ह करताना मागचा, म्हणजे उजवा पाय ओढत पुढे आणतो. त्याचं नाक आतल्या बाजूने जमिनीवर घासत जातं. एका सामन्यात साठ-सत्तर सर्व्ह सहज होतात, आणि प्रत्येकाला तीच जागा, तेवढाच घास. अशा खेळाडूला नाकावर रबराची पट्टी वरपर्यंत आलेला बूटच हवा, आणि ती आतल्या बाजूनेही वळलेली हवी. निळ्याला ती फक्त समोर होती. बनवणाऱ्या कंपनीला कळवलं. उत्तर आलं की गॅरंटी सोलची आहे, वरच्या भागाची नाही. नियमाने ते बरोबरच होतं. काही टेनिस बुटांवर सोलची सहा महिन्यांची गॅरंटी असते ती एवढीच असते: सोल झिजून आरपार गेला तर. वरचं कापड फाटलं किंवा आतली गादी बसली तर ती लागू होत नाही. मी मात्र ती पूर्ण बुटाची समजत होतो, आणि कागद न वाचता चिडलो होतो.

काळ्याने दुसरा धडा दिला आणि तो जास्त महाग पडला. त्याचा सोल झिजतच नव्हता. पन्नास तास, साठ तास, नक्षी स्पष्ट. मी ओळखीच्या सगळ्यांना तळ उलटा करून दाखवत होतो. त्याच काळात वहीच्या शेवटच्या रकान्यात 'डावा गुडघा', 'टाच, सकाळी पहिली पावलं' असं येऊ लागलं. वयाचा परिणाम म्हणून मी ते पुढे ढकललं. ७० तासांच्या सुमारास एका संध्याकाळी बूट टेबलावर ठेवून मागून पाहिला. दोन्ही टाचा आत झुकलेल्या. मिडसोलच्या, म्हणजे सोल आणि पाय यांच्यामधल्या फेसाळ थराच्या, बाजूवर आडव्या बारीक सुरकुत्या, अंगठ्याने दाबल्यावर काहीच प्रतिसाद नाही, वाळलेल्या साबणाच्या वडीसारखं टणक. नव्या बुटाचा तोच भाग दाबला की दबतो आणि परत वर येतो.

बहुतेक बुटांत मिडसोल ईव्हीए नावाच्या फेसाचा असतो. त्यात लाखो बारीक हवेच्या पोकळ्या असतात. प्रत्येक पावलाला त्या दबतात आणि परत फुगतात, आणि हळूहळू काही कायमच्या दबून राहतात. हे बाहेरून दिसत नाही. रबराचा सोल धडधाकट असताना वरची गादी संपलेली असते. मी दहा-पंधरा तास संपलेल्या गादीवर खेळलो आणि गुडघ्याला बोल लावला. तळ बघून बूट बदलायची सवय मला लहानपणापासून होती, ती त्या संध्याकाळी मोडली.

तेव्हापासून एक पद्धत ठेवली आहे. नवा बूट आला की मिडसोलच्या आतल्या बाजूवर, टाचेपाशी, पक्क्या शाईच्या पेनने दोन टिंबं काढायची: एक वरच्या कापडाच्या कडेलगत, दुसरं रबराच्या जरासं वर. मधलं अंतर कॅलिपरने मोजून वहीत लिहायचं. दर दहा तासांनी पुन्हा मोजायचं, खेळून आल्याबरोबर नाही, दुसऱ्या दिवशी, कारण दबलेला फेस सावरायला वेळ घेतो. सलग दोन दिवस खेळायचं असेल तर दोन जोड आलटून पालटून घालणं म्हणूनच बरं. माझं वजन, माझा खेळ, माझं कोर्ट धरून दीड ते दोन मिलिमीटर कमी झाले की शेवटचा रकाना बोलायला लागतो. दुसऱ्याचा आकडा वेगळा असेल, तो ज्याचा त्याने काढावा.

पॉलियुरेथेन म्हणजे पीयूचा मिडसोल जड असतो, पण गादी जास्त दिवस टिकते. त्याचं दुखणं वेगळं. हवेतल्या ओलाव्याने तो वर्षानुवर्षांत आतून कुजतो, न वापरता खोक्यात ठेवला तरी. जपून ठेवलेला एक जुना जोड मी त्याच हंगामात हौसेने काढला होता. तिसऱ्या गेममध्ये सोल टाचेकडून सुटला आणि खाली पिवळसर भुगा पडला. स्वस्तात मिळतो म्हणून फार जुना साठा घ्यायचा नाही, हे तेव्हा ठरलं. ओले बूट उन्हात किंवा हीटरजवळ वाळवणंही बंद केलं, उष्णतेने डिंक सुटतो. आता इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरतो आणि सावलीत ठेवतो.

तिन्हीतून शेवटी पांढरा राहिला. आरामात तो पहिला नव्हता, कडकपणात पहिला नव्हता, सोलही काळ्याइतका चिवट नव्हता. पण दुसऱ्या तासाच्या शेवटी तो पायात आहे हे मी विसरत असे, आणि वहीत त्याच्यापुढे दुखण्याच्या रकान्यात बहुतेक रेघच आहे. घोट्याला आडवी पट्टी बांधणंही याच बुटात हळूहळू सुटलं.

काल रात्री पांढऱ्याची टिंबं मोजली. उजव्या टाचेला आतून १.७ मिलिमीटर कमी, डाव्याला १.४. तास ५१. नक्षी अजून छान आहे, नाकावरची पट्टी निम्मी शिल्लक आहे. हा जोड आता फक्त एकट्याने सर्व्हचा सराव करताना वापरणार. त्याच मॉडेलचा नवा जोड खोक्यातून काढला, इनसोल जमिनीवर ठेवून एकदा उभा राहिलो, करंगळी कडेच्या आत होती. मग पेन घेऊन आधी दोन टिंबं काढली आणि नंतर नाड्या ओवायला बसलो.